पाय आहे, ताकद आहे, पण पावलाची खबर नाही

मावशीची चप्पल ठाणे स्टेशनच्या पुलावर पायातून निसटली आणि ती तशीच पंधरा-वीस पावलं पुढे चालत गेली. मागून एका मुलीने हाक मारली, "अहो काकू, चप्पल!" तेव्हा तिने खाली बघितलं. डावा पाय अनवाणी. जुलैचे दिवस, पुलावर नुसता राडा. घरी आल्यावर मला म्हणाली, "पायाला गार लागतंय एवढं कळत होतं गं. मला वाटलं, चपलेत पाणी शिरलंय."

हे बोलणं मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. सात महिन्यांनी कळलं की तिच्या आजाराचं अर्धं निदान त्यातच होतं. गार लागत होतं, पण जमीन लागत नव्हती.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेचा धडा दर वर्षी असतो. पण फळ्यावर काढलेली नस आणि नौपाड्याच्या घरात भिंतीला धरून मोरीपर्यंत जाणारी मावशी यांची सांगड घालायला मला बराच वेळ लागला. जे समजलं ते लिहितेय. ऑटोइम्यून न्यूरोपथी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच आपल्या नसांवर हल्ला करणं, यावर मला जे वाचायला मिळालं त्यात सगळा भर लुळेपणावर होता. हात उचलत नाही, पाय उचलत नाही, श्वास लागतो. ज्यांची ताकद पूर्ण शाबूत आहे आणि तरी ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी. आणि प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला येतं ते 'वय झालं', 'टेन्शन घेऊ नका', 'मनाचे खेळ असतात'. मावशीला ही तिन्ही वाक्यं ऐकावी लागली.

अंगठा आपटतो तेव्हा

कॉटच्या पायाला अंगठा आपटला की काय होतं ते आठवून बघा. आधी नुसतं 'आपटलं' एवढं कळतं. त्याच्या पाठोपाठ एक तीक्ष्ण कळ येते. आणि मग, जरा दमाने, ती जळजळणारी, ठसठसणारी वेदना चढत जाते आणि आपण पाय धरून खाली बसतो. अपघात एकच, पण त्याच्या बातम्या तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या तंतूंतून आलेल्या. स्पर्शाची बातमी आणणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिन नावाच्या चरबीयुक्त आवरणाचे थर असतात, आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने धावतो. तीक्ष्ण कळ त्याहून बारीक तंतूंतून येते. जळजळीचे तंतू सगळ्यांत बारीक, त्यांना मायलिनचं आवरणच नसतं, आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर.

थोडक्यात, आपल्या संवेदी नसा म्हणजे दोन खाती आहेत. बारीक तंतूंकडे वेदना आणि गरम-गार. जाड तंतूंकडे स्पर्श, कंप, आणि अशी एक जाणीव जी आपण पंचेंद्रियांत मोजतच नाही: आपला सांधा या क्षणी कुठे आणि किती वाकलाय याची जाणीव. डोळे मिटून हात डोक्यावर न्या. हात कुठे आहे ते तुम्हाला न बघता माहीत असतं. अंधारात जिना उतरताना, पावसात गढूळ पाण्यातून चालताना, केस विंचरताना आपण सतत याच जाणिवेवर विसंबून असतो. ती जाईपर्यंत ती होती हेही कळत नाही.

१९७१ मध्ये ब्रिटनमधल्या एका १९ वर्षांच्या तरुणाची ही जाणीव, आणि तिच्याबरोबर स्पर्श, मानेखाली जवळपास संपूर्ण गेली. साध्या वाटणाऱ्या संसर्गानंतर त्याच्या शरीराने आपलेच जाड संवेदी तंतू निकामी केले, असं मानलं जातं. वेदना आणि गरम-गार शाबूत. स्नायूंची ताकद शाबूत. पण तो उभाच राहू शकत नव्हता. प्रत्येक हालचाल नजरेने बघत, डोक्याने आखत त्याने पुन्हा बसायला, उभं राहायला आणि चालायला शिकून घेतलं, आणि त्यात महिनेच्या महिने गेले. दिवे गेले की मात्र तो खाली कोसळायचा, कारण त्याचे पाय त्याच्या डोळ्यांवर चालत होते.

मावशीचं थोड्या प्रमाणात हेच झालं होतं. गार सांगणारे बारीक तंतू नीट, जमीन सांगणारे जाड तंतू गप्प. दिवसाउजेडी ती बरी चालायची. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की मात्र पुढे झुकून नळावर आपटायची. एकदा कपाळाला खोक पडली. आम्हाला वाटलं चक्कर येते. ती सांगत होती, "चक्कर नाही गं, डोकं स्वच्छ असतं. तोल जातो." चक्कर आणि तोल यांतला फरक ती बरोबर करत होती, आम्हीच दोन्ही एकात कालवत होतो.

फास्ट लोकल आणि कळव्याची कारशेड

आता हल्ला नेमका कुठे होतो ते बघू. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटतं, कारण काय जाईल, कुठली तपासणी खोटा धीर देईल आणि काय परत येईल हे सगळं जागेवर ठरतं.

पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत येणारी जाड संवेदी नस मध्य रेल्वेच्या फास्ट लोकलसारखी समजा. अंगठा म्हणजे कर्जत, मेंदू म्हणजे सीएसएमटी. फास्ट लोकल जशी ठरावीक स्टेशनांवरच थांबते, तसा जाड तंतूतला विद्युत संदेश मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो. या जागा साधारण मिलिमीटरभर अंतरावर असतात. त्यांना नोड म्हणतात. मायलिन गेलं की फास्टची स्लो होते, आणि फारच गेलं तर गाडी मध्येच उभी.

आता या पेशीचं मूळ घर कुठे असतं? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. हातापायाचे स्नायू हलवणाऱ्या नसेची पेशी मणक्याच्या आत, मज्जारज्जूत बसलेली असते. संवेदी नसेची तशी नसते. तिची पेशी मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्याच्या शेजारी एका छोट्याशा गाठीत असते. तिथून एक फांदी खाली अंगठ्यापर्यंत जाते आणि दुसरी फांदी नसेच्या मुळातून, म्हणजे गाठ आणि मज्जारज्जू यांच्यामधल्या तुकड्यातून, मज्जारज्जूत शिरून थेट मेंदूच्या देठापर्यंत चढते. एकच पेशी, माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी. ही गाठ म्हणजे आपली कळव्याची कारशेड. गाड्यांची देखभाल, सुटे भाग, सगळं तिथून.

यावरून तीन वेगळे प्रसंग कल्पनेत आणता येतात. एक, कर्जत ते कळवा या पट्ट्यात मध्ये मध्ये आवरण खराब झालं. सीआयडीपी नावाच्या आजारात, म्हणजे नसांच्या मायलिनच्या दीर्घकालीन ऑटोइम्यून दाहात, बहुतेक वेळा हे होतं. दोन, कारशेडच पेटली. मग दोन्हीकडच्या गाड्या बंद, आणि त्या परत सुरू होण्याची आशा कमी, कारण मेलेली चेतापेशी पुन्हा तयार होत नाही. तीन, कारशेड ठीक, कर्जतपर्यंतची लाइन ठीक, पण मुलुंडच्या पुढे रूळ उखडलेत. मावशीचं नेमकं हे तिसरं होतं.

रिपोर्ट नॉर्मल, माणूस भिंतीला धरून

हातापायांत मुंग्या, बधिरपणा म्हटलं की डॉक्टर एनसीव्ही करायला सांगतात. नसेला एका जागी हलका शॉक द्यायचा आणि दुसऱ्या जागी तो किती वेळात, किती जोराने पोचतो ते मोजायचं. पायाची संवेदी नस तपासताना पोटरीवर शॉक देतात आणि घोट्याजवळ मोजतात. म्हणजे आपल्या नकाशावर कर्जत आणि बदलापूरच्या मधला तुकडा. मावशीच्या या तुकड्यात गाड्या वेळेवर धावत होत्या. रिपोर्टवर छापून आलं: नॉर्मल. ज्या डॉक्टरांना तो पहिल्यांदा दाखवला त्यांनी एक झोपेची गोळी लिहून दिली आणि काळजी करू नका म्हणाले. त्यांनी तिला डोळे मिटून उभं करून बघितलं असतं, तर सहा महिने वाचले असते. मला याचा अजून राग येतो.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टने यंत्राआधी माणसाकडे पाहिलं. पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. उभी राहिली. "आता डोळे मिटा." मी शेजारीच होते म्हणून तिला धरता आलं. या तपासणीला रॉम्बर्गचं नाव आहे, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं, आणि तिला एक पैसाही लागत नाही. मग डॉक्टरांनी तिच्या पायाचा अंगठा दोन बाजूंनी चिमटीत धरला, तिला डोळे मिटायला सांगितलं आणि अंगठा हळूच वर-खाली करत विचारलं, "वर आहे की खाली?"

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्ही हलवताय का?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते, तो चांगला वर-खाली होत होता.

त्यानंतर ट्यूनिंग फोर्क. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसलाच दुबेळका, सेकंदाला १२८ कंपनांचा. तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला: काही नाही. घोट्यावर: काही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाली, "हां, इथे गुणगुणतंय." टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल हललं नाही. त्याचा अर्थही डॉक्टरांनी समजावला. हातोडी मारल्यावर पाय उडतो, कारण 'ताण बसला' ही खबर संवेदी नसेतून आत जाते आणि 'ओढ' हा हुकूम दुसऱ्या नसेतून बाहेर येतो. ताकद पूर्ण असून झटका येत नसेल, तर खबर आत पोचत नाहीये. पायाच्या बोटांनी ती डॉक्टरांचा हात दाबून धरत होती, इतकी ताकद होती.

मग नेमक्या तपासण्या झाल्या. घोट्याजवळ हलके शॉक देऊन ते मेंदूपर्यंत पोचतात का हे डोक्याला लावलेल्या तारांनी मोजलं. संदेश कंबरेच्या पुढे अडखळत होता. कंबरेच्या एमआरआयमध्ये नसांची मुळं जाड दिसली. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नेहमीइतक्याच. पाण्यातली ही जोडी १९१६ मध्ये गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये नोंदवली होती, आणि मुळांपाशी दाह आहे याची ती आजही चांगली खूण मानली जाते. मावशीच्या आजाराचं नाव सीआयएसपी, म्हणजे संवेदी मुळांचा दीर्घकालीन ऑटोइम्यून दाह. २००४ मध्ये तो पहिल्यांदा या नावाने मांडला गेला.

शरीर आपल्याच माणसाला का ओळखत नाही

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे त्याच गिलाँ-बारे यांच्या नावाच्या आजाराची (गिलाँ-बारे सिंड्रोम), साथ आली आणि रुग्ण दोनशेच्या वर गेले, तेव्हा ठाण्यातल्या घराघरांत हे नाव पोचलं. नेहमीच्या दिवसांत हा आजार एक लाख लोकांत वर्षाला एक ते दोन जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती. म्हणजे साथ नसतानाही एवढ्या शहरात वर्षाला वीस-तीस माणसं. दुर्मीळ म्हणजे शून्य नव्हे.

पुण्यात काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंची जी नक्षी असते, तिच्याशी मिळतीजुळती नक्षी आपल्या नसांच्या अंगावरही असते. जंतूला मारायला तयार झालेल्या अँटीबॉडी मग तीच नक्षी बघून नसेवर तुटून पडतात. सगळ्या नसांवर नक्षी सारखी नसते, म्हणून कुणाचे हातपाय लुळे पडतात, कुणाचे डोळे फिरायचे थांबतात आणि चाल डगमगते. या दुसऱ्या प्रकाराचं वर्णन मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये केलं. जीबीएसमध्ये अशक्तपणा ठळक असतो, पण पुष्कळ रुग्णांची पहिली तक्रार संवेदनेचीच असते: बोटांत मुंग्या आणि पाठीत न सोसवणारं दुखणं.

जीबीएस झपाट्याने येतो, चार आठवड्यांच्या आत जितका वाढायचा तितका वाढतो. आठ आठवडे उलटूनही वाढतच असेल तर सीआयडीपीचा विचार होतो. त्यात बहुधा ताकद आणि संवेदना दोन्ही जातात, पण काही जणांत अनेक महिने फक्त संवेदनाच बिघडलेली असते, आणि तेव्हा निदान हुकतं. एक गंमतीची खूण आहे. डायबेटिसमध्ये सगळ्यांत लांब नसा आधी मरतात, म्हणून पाय आधी, हात नंतर. ऑटोइम्यून आजार लांबी मोजत बसत नाही. कधी हातांतल्या संवेदी नसा बिघडलेल्या आणि पोटरीची नस मात्र धडधाकट, असं उलटं चित्र एनसीव्हीत दिसतं, आणि जाणकाराचे कान तिथेच टवकारतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एमएमएन (मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी), म्हणजे हालचालीच्या तंतूंवरचा ऑटोइम्यून हल्ला. हातातली वस्तू सुटते, मनगट लटकतं, पण त्याच हाताची संवेदना अगदी नीट. एकाच नसेत शेजारी-शेजारी धावणारे तंतू, त्यांतले फक्त हालचालीचे अडतात. काही रुग्णांत बऱ्याच वर्षांनी पायातली कंपाची जाणीव थोडी कमी झालेली आढळते, म्हणजे 'फक्त हालचालीचा' हे लेबलही तंतोतंत खरं नसतं. आणि हा भेद केवळ पुस्तकी नाही. सीआयडीपीत स्टेरॉइड उपयोगी पडतं, जीबीएसमध्ये पडत नाही, आणि एमएमएनमध्ये त्याने आजार वाढूसुद्धा शकतो. सुईच्या टोचणीची आणि कंपाची तपासणी नीट झाली की औषधाची निवडच बदलते.

नोडवर, म्हणजे आपल्या फास्ट लोकलच्या स्टेशनांवर, हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीही असतात. या रुग्णांचे हात थरथरतात, चाल डगमगते, आणि नेहमीचं आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटीबॉडी शिरेतून देण्याचा उपचार, त्याबद्दल पुढे येईलच) त्यांना बऱ्याचदा लागू पडत नाही, रिटुक्सिमॅब हे दुसरं औषध पडतं. २०२१ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी या गटाला सीआयडीपीतून बाहेर काढून वेगळं घर दिलं. साठीच्या पुढे, जास्त करून पुरुषांत, हळूहळू कित्येक वर्षं वाढणारा पायांचा बधिरपणा आणि हाताचा कंप असेल तर मायलिनवरच्या एका प्रथिनाविरुद्धची, अँटी-मॅग नावाची अँटीबॉडी रक्तात शोधतात.

कारशेडवरचा हल्ला सगळ्यांत कठीण. त्या गाठीतल्या रक्तवाहिन्या तशा सैल विणीच्या असतात, नसेला इतरत्र जी तटबंदी मिळते ती तिथे कमी पडते. त्यामुळे अँटीबॉडी, विषारी द्रव्यं तिथे सहज शिरतात. यात लांबीचा हिशेब नसतो: एक हात, चेहऱ्याची एक बाजू, पोटावरचा पट्टा, काहीही बधिर होऊ शकतं. डोळे मिटून हात पुढे केले की बोटं आपोआप, पेटी वाजवल्यासारखी हलत राहतात, आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. तोंड आणि डोळे कोरडे पडत असतील तर शोग्रेन या आजाराचा तपास करायचा. झपाट्याने वाढत असेल तर कुठे लपलेला कॅन्सर आहे का ते बघायचं, विशेषतः फुप्फुसात. कधीकधी न्यूरोपथी कॅन्सरच्या आधी काही महिने दार ठोठावते.

इथेच एक कळकळीची विनंती. मुंग्या आल्या की आपल्याकडे मेडिकलमधून 'नसांच्या' गोळ्या परस्पर आणून महिनोन्महिने घेतल्या जातात. त्यांत बी-६ जीवनसत्त्व असतं. ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर याच गाठीतल्या पेशींना इजा करतं. ज्यासाठी गोळी घेतो, तेच ती वाढवते. पाकिटावरची मात्रा डॉक्टरांना दाखवा.

आधी साधं शोधा

हे वाचून आपल्या मुंग्यांना लगेच दुर्मीळ नाव देऊ नका. शंभरांतल्या बहुतेकांच्या मागे साखर, बी-१२ ची कमतरता किंवा मनगटात दबलेली नस असते. शाकाहारी घरांत आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ जरूर तपासा. आणि आपल्या देशात कुष्ठरोग विसरून चालत नाही. तो आधी बारीक तंतू खातो: फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर गरम-गार कळत नाही, घाम येत नाही, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागते. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेवर घेतलं तर तो पूर्ण बरा होतो. जंतूचा आजार ऑटोइम्यून समजून नुसत्या स्टेरॉइडवर ठेवणं ही मोठी चूक ठरते.

वेगळ्या वाटेने जायला हवं ते या गोष्टी दिसल्या तर: काही आठवड्यांत झरझर वाढणं, एकच बाजू, हात आणि पाय एकदमच, अंधारात तोल जाणं, हातोडीचा झटका न येणं. आणि तळपाय रात्री जळतात, पांघरुणाबाहेर काढावे लागतात, पण एनसीव्ही नॉर्मल आहे, असं असेल तर लक्षात ठेवा, ती तपासणी बारीक तंतू बघूच शकत नाही. त्यासाठी त्वचेचा बारीकसा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात.

उपचार, आणि मिलिमीटरचा हिशेब

मावशीला आयव्हीआयजी दिलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून गोळा केलेल्या अँटीबॉडी शिरेतून देतात आणि त्या बिघडलेल्या यंत्रणेला आवर घालतात. पहिला डोस वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. खर्च लाखांच्या घरात जातो. सरकारी योजनेत आपला आजार आणि इस्पितळ बसतं का, हे भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आम्ही उशिरा विचारलं. प्लाझ्मा एक्सचेंज हा दुसरा मार्ग, त्यात रक्तातल्या अँटीबॉडीच गाळून काढतात. ड्रिप भरभर सोडली की डोकं ठणकतं, मावशीचं ठणकलं, मग वेग कमी केला.

बरं व्हायला किती दिवस? नुसतं मायलिन गेलं असेल तर ते काही आठवडे-महिन्यांत पुन्हा चढतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून अंगठा मीटरभर, म्हणजे हजार दिवस. आणि गाठीतली पेशी मेली असेल तर ती परत येत नाही. म्हणून तर लवकर ओळखायचं. 'बघू अजून महिनाभर' यात गमावलेला महिना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या भावाने वसूल होतो.

मधल्या काळात घर बदलावं लागलं. कॉटपासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. बेसिनसमोर स्टूल, तोंड बसून धुवायचं. मागे पट्टा असलेल्या सँडल, स्लिपर बंद. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, काही टोचलंय का, फोड आलाय का. ज्यांचे बारीक तंतू गेलेत त्यांनी तर आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणाला तपासायला सांगावं आणि गरम पाण्याच्या पिशवीपासून लांब राहावं.

फिजिओथेरपिस्टने शिकवलेली एक गोष्ट मला फार आवडली. चालताना भिंतीवर भार टाकायचा नाही, एका बोटाचं टोक नुसतं टेकवायचं. आधारासाठी नाही, खबरेसाठी. पाय जी बातमी देत नाहीत ती बोटाच्या टोकातून मेंदूला मिळते आणि डोलणं कमी होतं. मावशीच्या हाताची संवेदना चांगली होती म्हणून हे जमलं. पॅसेजमधल्या भिंतीवर तिच्या बोटाची एक फिकट रेघ उमटलीय, कमरेपेक्षा जरा वर, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. दिवाळीत रंग काढला तेव्हा तिने ती पुसू दिली नाही.

गेल्या महिन्यात तिसऱ्या डोसनंतर दाखवायला गेलो. डोळे मिटून ती आठ-दहा सेकंद उभी राहिली, डोलत, पण उभी. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्यावर ठेवला आणि थांबला की सांगा म्हणाले. "आहे… आहे… आहे… गेला." त्यांनी लगेच तोच फोर्क स्वतःच्या बोटाच्या हाडावर टेकवला. त्यांना तो अजून जाणवत होता, पण थोडाच वेळ. मग अंगठ्यावर ठेवला. मावशी बराच वेळ डोळे घट्ट मिटून बसली.

"काहीतरी आहे," म्हणाली, "पण नक्की नाही सांगता येत."

डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलं आणि पुढची तारीख दिली.